प्रत्येक खेपेला तीच खाज, तीच गोळी

पत्राचा सारांश: एका ३६ वर्षांच्या वाचक मैत्रिणीला गेली दोन वर्षे योनीमार्गातील बुरशीचा, म्हणजे ज्याला आपण यीस्ट इन्फेक्शन किंवा थ्रश म्हणतो त्याचा, त्रास पुन्हा पुन्हा होतो आहे. दाताच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक घेतल्यानंतर तो पहिल्यांदा झाला. डॉक्टरांनी तेव्हा लक्षणे ऐकून, तपासणी न करता, फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची १५० मिलिग्रॅमची एक गोळी दिली आणि दोन दिवसांत आराम पडला. तेव्हापासून पाळीच्या सुमारे आठवडाभर आधी खाज सुरू झाली की त्या स्वतःच ती गोळी घेतात. एक गोळी पर्समध्ये कायम असते. गेल्या वर्षभरात असे सात वेळा झाले. शेवटच्या तीन खेपांना मात्र गोळीने फारसा फरक पडला नाही. स्राव जवळजवळ नव्हता आणि खाजेपेक्षा जळजळ जास्त होती. त्या दिवसातून तीन वेळा बाजारात मिळणाऱ्या खास द्रवाने धुतात, खाज असह्य झाली की घरात असलेले एक मिश्र मलम लावतात, साखर त्यांनी सोडली आहे आणि पतीलाही एकदा गोळी दिली आहे. तपासणीचा त्यांना संकोच वाटतो. जवळीक त्या टाळू लागल्या आहेत. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: यावर सर्वांत जालीम औषध कोणते, आणि आपण स्वच्छतेत कुठे कमी पडतो आहोत का?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे, म्हणून ते आधी देते: नाही. तुम्ही स्वच्छतेत कुठेही कमी पडत नाही आहात. उलट, तुम्ही गरजेपेक्षा फार जास्त धुता, आणि तुमच्या आजच्या त्रासाचा काही भाग त्या धुण्यातूनच आला असावा अशी मला शंका आहे.

कँडिडा ही बुरशी बाहेरून आलेली घाण नाही. आतड्यात आणि योनीमार्गात ती अनेकींच्या शरीरात गुपचूप राहते. कोणतीही तक्रार नसलेल्या शंभर स्त्रियांची तपासणी केली, तर दहा ते वीस जणींमध्ये ती सापडते. जन्मात एकदा तरी हा त्रास होणाऱ्या स्त्रिया शंभरात सुमारे ७५ आहेत. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा झाला, तर वैद्यकात त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात (काही मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हा आकडा चार आहे), आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यानुसार असा त्रास दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रियांना होतो. एवढ्या साऱ्या जणी अस्वच्छ असतील, असे तुम्हालाही वाटणार नाही. संशोधकांचे एक निरीक्षण तर असे आहे की वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये बुरशीच फार वाढलेली असते असे नाही. पुष्कळदा तिच्याविरुद्ध शरीराचा दाह जास्त तीव्रतेने उसळतो. म्हणजे एकीला जेवढ्या बुरशीचा पत्ताही लागत नाही, तेवढीच बुरशी दुसरीला बेजार करते.

आता धुण्याविषयी. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू आम्ल तयार करतात आणि तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), साधारण ३.८ ते ४.५ या दरम्यान राखतात. आतल्या भागाची स्वच्छता शरीर स्वतःच करते. आत काहीही घालून धुणे म्हणजे ही राखण मोडणे. बाहेरची त्वचा तर फारच नाजूक असते. तिला दिवसातून तीन वेळा द्रव, सुगंध आणि फेस लावला, की काही आठवड्यांत ती कोरडी पडते, चिरते, लाल होते आणि खाजते. ती खाज बुरशीच्या खाजेसारखीच वाटते, आणि मग बाई आणखी धुते. तुमची शेवटची तीन खेपांची कहाणी वाचताना मी याच जागी थांबले: स्राव नाही, जळजळ जास्त, गोळीचा उपयोग नाही. हे चित्र बुरशीपेक्षा त्रासलेल्या त्वचेचे अधिक वाटते. पत्रावरून निदान करता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच पुढचा मुद्दा जरा लांबवून सांगते.

तुम्ही लिहिता, "आता मला लक्षण लगेच ओळखता येते." हे वाक्य मी तपासणीच्या खोलीत इतक्या वेळा ऐकले आहे, आणि इतक्या वेळा ते चुकीचे ठरले आहे, की त्यावर विश्वास ठेवणे मी सोडून दिले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचे औषध घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली गेली. फक्त बुरशीचा संसर्ग होता तो जेमतेम एकतृतीयांश जणींना. बाकीच्यांमध्ये दुसरा संसर्ग होता, एकाहून अधिक संसर्ग होते किंवा कोणताच नव्हता. याहून बोलका निष्कर्ष असा की ज्यांना पूर्वी कधी डॉक्टरांनी हेच निदान सांगितले होते, त्या स्त्रियांचा अंदाजही इतरांपेक्षा अधिक अचूक ठरला नाही. अनुभवाने ओळख पक्की होते हा आपला समज इथे लागू पडत नाही, कारण खाज आणि जळजळ या दोन्ही तक्रारी अनेक विकारांत सारख्याच असतात. जिवाणूंचे संतुलन बिघडून होणाऱ्या बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये स्राव पातळ, करडा आणि माशासारख्या वासाचा असतो, खाज कमी असते, आणि त्यावर बुरशीच्या गोळीचा काही परिणाम होत नाही. ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग शरीरसंबंधातून होतो; त्यात जोडीदारालाही औषध घ्यावे लागते. लायकेन स्क्लेरोसस या त्वचाविकारात बाहेरच्या त्वचेवर पांढरट चट्टे पडतात, रात्री खाज वाढते, बारीक चिरा पडतात; त्याला नेमके बुरशीच्या उलट औषध लागते, म्हणजे तीव्र स्टेरॉइडचे मलम, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वर्षानुवर्षे थ्रश समजून औषध घेत राहिलेल्या आणि शेवटी लायकेन स्क्लेरोसस निघालेल्या रुग्ण मी पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणाचीही त्या काळात कोणी नजर टाकून तपासणी केली नव्हती, आणि यात आम्हा डॉक्टरांचाच दोष मोठा आहे. तुमची पहिली गोळी तपासणीविना दिली गेली हे एका वेळेपुरते चालून गेले. सातव्या वेळी ते चालू नये.

संकोच समजतो, म्हणून तपासणीत काय घडते ते सांगते. आधी बाहेरच्या त्वचेवर चांगल्या उजेडात नजर टाकली जाते, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. मग स्पेक्युलम नावाचे साधन हलकेच आत ठेवून भिंत पाहिली जाते आणि कापसाचे टोक असलेली एक काडी बाजूच्या भिंतीवरून फिरवून स्राव घेतला जातो. काडी फिरवण्याचे काम अर्ध्या मिनिटाचे असते. त्यातला थोडा स्राव पीएचच्या कागदी पट्टीवर टेकवतात: बुरशी असेल तर पीएच बहुधा ४.५ च्या आतच राहतो, बॅक्टेरियल व्हजायनोसिस असेल तर तो वर जातो. थोडा स्राव काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी विरघळून जातात आणि बुरशी असेल तर तिचे फांद्या फुटलेले धागे आणि कळ्यांसारखे गोल दाणे उरतात. पण ही काचपट्टी बुरशी असूनही पुष्कळदा रिकामी दिसते, त्यामुळे वारंवार त्रास असणाऱ्या प्रत्येकीचा स्वॅब, म्हणजे काडीवर घेतलेला नमुना, कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवायलाच हवा. स्पेक्युलम नकोसा वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगा. स्वॅब त्याच्याशिवायही घेता येतो, आणि काही ठिकाणी तो तुम्हाला स्वतः घेऊ देतात.

कल्चरमध्ये बुरशीची जात कळते, आणि जातीवर पुढचे सारे अवलंबून असते. बहुतेक वेळा ती कँडिडा अल्बिकन्स असते आणि तिच्यावर फ्लुकोनॅझोल सहसा चालते. कँडिडा ग्लॅब्राटा निघाली तर तेच औषध पुष्कळदा निष्प्रभ ठरते, आणि कँडिडा क्रुसेईवर ते मुळातच चालत नाही. अशा जातींसाठी बोरिक अ‍ॅसिडची ६०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज एक, दोन ते तीन आठवडे योनीमार्गात ठेवायला सांगितली जाते. निस्टॅटिन हे दुसरे बुरशीविरोधी औषध हाही एक पर्याय असतो. बोरिक अ‍ॅसिड तोंडावाटे गेले तर विषारी असते, त्यामुळे ते मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि गरोदरपणात ते अजिबात वापरू नये. जात कळण्याआधी हे प्रयोग स्वतःहून करू नका.

समजा, तुमच्या कल्चरमध्ये अल्बिकन्सच निघाली. मग एक गोळी घेऊन काही आठवड्यांनी खाज परत का येते, याचे उत्तर औषधाच्या स्वभावात आहे. फ्लुकोनॅझोल या बुरशीला मारून टाकत नाही, तिची वाढ रोखून धरते. कधीतरी एकदा होणाऱ्या संसर्गात एवढे पुरते, कारण उरलेले काम शरीर करते. ज्या स्त्रीचे शरीर ते काम नीट करत नाही, तिच्या बाबतीत रोखणे थांबले की बुरशी पुन्हा डोके वर काढते. म्हणून वारंवार होणाऱ्या संसर्गावर उपचार दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात १५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. लक्षणे पूर्ण गेल्यावर दुसरा टप्पा: आठवड्यातून एक गोळी, ठरलेल्या वारी, सहा महिने. पोटातून औषध चालत नसेल तर सात ते चौदा दिवस क्लोट्रिमॅझोलसारखे आतून ठेवायचे औषध आणि त्यानंतर आठवड्याला एक ५०० मिलिग्रॅमची आतली गोळी, असाही मार्ग आहे.

या पद्धतीची मोठी चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. सहा महिने आठवड्याला गोळी घेणाऱ्या स्त्रियांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणी त्या काळाअखेर त्रासमुक्त होत्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. पण गोळी थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर पहिल्या गटात त्रासमुक्त राहिलेल्या उरल्या सुमारे ४३ टक्के, आणि दुसऱ्या गटात २२. हे आकडे मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी देते आहे. पुष्कळ जणींना पहिलाच भाग सांगितला जातो, मग आठव्या महिन्यात खाज परत आली की त्यांना वाटते, आपल्यात काही विपरीत आहे. तसे काही नसते. गोळी बंद केल्यावर निम्म्याहून अधिक स्त्रियांना त्रास परत होतो. अशा वेळी पुन्हा स्वॅब घेऊन तोच क्रम नव्याने सुरू करता येतो. सहा महिने शांततेचे मिळणे हीच मुळात मोठी गोष्ट असते, कारण तेवढ्यात सुजलेली त्वचा भरून येते आणि मनातली धास्ती ओसरते.

वर्षाला सात खेपा, त्याही निम्म्या अर्ध्यामुर्ध्या उपचारांनी दबलेल्या, असे चालू ठेवण्यापेक्षा बुरशी सिद्ध झाली तर हा सहा महिन्यांचा मार्ग मला निःसंशय बरा वाटतो. ज्यांना वर्षातून तीनच सौम्य खेपा होतात आणि प्रत्येक वेळी गोळीने लगेच उतार पडतो, त्यांनी खेपेपुरतेच औषध घेतले तरी चालेल. काही अटी मात्र पाळायला हव्यात. गरोदर असाल, किंवा त्या सहा महिन्यांत गर्भ राहण्याची शक्यता असेल, तर फ्लुकोनॅझोल टाळावे. गरोदरपणात सात दिवसांचे आतून ठेवायचे औषधच दिले जाते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या काही स्टॅटिन गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी औषधे यांच्याशी त्याचा संयोग धोक्याचा ठरू शकतो, तसेच यकृताचा विकार असेल तर तो आधी सांगावा. आतून लावायच्या तेलकट औषधांनी कंडोम कमकुवत होतो, हेही लक्षात ठेवावे.

जालीम औषध विचारलेत, तर नव्या औषधांचेही सांगते. ओटेसेकोनॅझोल नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२२ साली याच विकारासाठी मान्यता मिळाली. तिचा परिणाम दीर्घ टिकतो, पण ती शरीरात अनेक महिने राहते आणि गर्भाला अपाय होण्याची शक्यता असल्यामुळे ज्यांना पुढे मूल होऊ शकते अशा स्त्रियांना ती देत नाहीत. तुमच्या वयाला ती सहसा लागू नाही, आणि योग्य निदान झाले तर तिची गरजही बहुधा पडणार नाही.

घरातल्या त्या मिश्र मलमाविषयी मला थोडे कडक बोलायचे आहे. त्याच्या नळीवर बारीक अक्षरांत लिहिलेली नावे वाचा. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव दिसले, तर त्यात स्टेरॉइड आहे. लावल्यावर तासाभरात बरे वाटते ते त्यामुळेच. पण बुरशी असेल तर ती झाकली जाते, त्वचाविकार असेल तर त्याचे रूप बदलते, आणि बरेच दिवस लावत राहिल्यास त्वचा पातळ होते. तपासणीच्या आधी दोन आठवडे ते बंद ठेवा, नाहीतर तपासणाऱ्याला खरे काय आहे ते दिसणारच नाही.

कारणे शोधायला हवीतच, पण पुष्कळ जणींमध्ये ठोस कारण सापडत नाही, हेही मान्य करून शोधा. रक्तातील साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि त्यामुळे बुरशीचा त्रास वाढू शकतो. तरीही त्या स्वतःहून थांबवू नयेत, डॉक्टरांशी बोलावे. यापुढे कधी अँटिबायोटिक सांगितले गेले, तर हा इतिहास त्याच वेळी सांगा. पाळीच्या आधी त्रास होण्याचे तुमचे निरीक्षण खरे असू शकते, कारण संप्रेरकांचा या बुरशीशी संबंध आहे. याच कारणाने पाळी थांबलेल्या आणि संप्रेरकांचे औषध न घेणाऱ्या स्त्रियांत थ्रश तुलनेने कमी आढळतो. त्यांनी खाजेला बुरशी समजण्याआधी योनीच्या कोरडेपणाचा आणि त्वचाविकारांचा विचार करावा. मधुमेह नसताना साखर सोडल्याने ही बुरशी आटोक्यात येते याला भक्कम पुरावा नाही. जिभेवर एवढी जबरदस्ती करण्याची गरज नाही. दही किंवा प्रोबायोटिक खाल्ल्याने नुकसान नाही, पण त्यांच्या भरवशावर उपचार लांबवू नयेत. लसूण, व्हिनेगर, टी ट्री तेल यांतले काहीही आत घालू नका. मी त्याने झालेल्या भाजण्याच्या जखमा पाहिल्या आहेत. सैल सुती कपडे आणि ओले कपडे लगेच बदलणे हा सल्ला ठीक आहे, त्याचे महत्त्व मात्र उगाच वाढवून ठेवले आहे.

पतीला गोळी देण्याची गरज नव्हती. थ्रश हा रूढ अर्थाने शरीरसंबंधातून पसरणारा रोग मानला जात नाही, आणि जोडीदारावर उपचार केल्याने स्त्रीच्या खेपा कमी होतात असे दिसलेले नाही. त्यांना स्वतःला लाली किंवा खाज असेल तरच तपासावे. जळजळ असताना संबंध टाळणे योग्यच आहे, पण तुम्ही लिहिता की बरे असतानाही तुम्ही कारणे काढून बाजूला होता आणि ते काही विचारत नाहीत. त्या न विचारण्यामागे त्यांनी काय गृहीत धरले असेल, याचा विचार करा. "मला तिथे दुखते, त्याची तपासणी मी करून घेणार आहे, आणि यात तुझा किंवा माझा दोष नाही," एवढे एक वाक्य पुरे आहे. ते नको त्या वेळी, नको म्हणण्याचे कारण म्हणून न सांगता, दिवसाउजेडी सांगा.

आता पुढच्या महिन्याचे. आजपासून तो द्रव बंद करा. दिवसातून एकदा, फक्त बाहेरून, साध्या कोमट पाण्याने धुवा, टॉवेल घासू नका, टिपून कोरडे करा, आणि जळजळ वाटली तर पातळसा पेट्रोलियम जेलीचा थर लावा किंवा थंड पाण्याची घडी ठेवा. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, खाज की जळजळ, स्राव कसा होता, काय लावले किंवा घेतले, हे तारखेसह दोन ओळींत लिहून ठेवा. तुमची पाळी २८ दिवसांची असेल तर त्रास साधारण २१व्या दिवशी सुरू होतो, २२व्या दिवसाची स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ आत्ताच घेऊन ठेवा आणि तिथे सांगा, "वर्षात सात वेळा झाले आहे, मला तपासून कल्चर करून हवे आहे." लक्षणे दोन दिवस पुढे-मागे झाली तर वेळ बदलून घ्या. आणि नुसते द्रव आणि मलम बंद केल्यानेच त्या महिन्यात काही झाले नाही, तर तेही वहीत लिहा आणि वही दाखवायला तरी जाच. पर्समधली ती गोळी राहू द्या. फक्त स्वॅब घेऊन होईपर्यंत ती फोडू नका.